स्वस्त उपचाराला वाली कोण?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकविले जाते, की गरज आणि मागणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. गरज माणसाच्या देहात किंवा मनात असते. तिची मागणी व्हावयाची तर ती बोलून दाखवावी लागते आणि तिच्यामागे पैसा उभा असावा लागतो. ज्या गरजेविषयी बोलण्याचीच चोरी, ती बाजारात उतरत नाही, रुग्णालयाच्या केसपेपरवर उमटत नाही आणि म्हणून शासनाच्या अंदाजपत्रकातही तिला स्थान मिळत नाही. लघवीवरचा ताबा सुटणे ही अशीच एक मुकी गरज आहे. खोकताना, शिंकताना किंवा पाण्याची घागर उचलताना कपडे ओले होणे. घाई लागल्यावर स्वच्छतागृह गाठण्याइतकाही अवधी न मिळणे. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर महिनोन्‌महिने कपड्यात घडी ठेवून वावरावे लागणे. तपासणीत कोणतेही कारण न सापडणारी वेदना ओटीपोटात वर्षानुवर्षे ठसठसत राहणे. या तक्रारींनी सहसा कोणी दगावत नाही. परंतु माणूस हळूहळू चारचौघांतून उठतो.

वर्गात तासन्‌तास उभी राहणारी शिक्षिका दिवसभर पाणी पिण्याचेच टाळते. एस.टी.चा लांबचा प्रवास नको वाटू लागतो. लग्नसमारंभात दाराजवळची खुर्ची धरली जाते. निवृत्त झालेले गृहस्थ सकाळचे फिरणे बंद करतात आणि घरची माणसे म्हणतात, ‘वय झाले.’ डॉक्टरांनी विचारले नाही म्हणून रुग्णाने सांगितले नाही, आणि रुग्णाने सांगितले नाही म्हणून डॉक्टरांच्या लेखी ती तक्रार अस्तित्वातच नाही, असे हे चक्र आहे.

या विकारांपैकी अनेकांवर एक साधा, तुलनेने अल्पखर्चाचा आणि चाचण्यांतून पारखून निघालेला उपचार उपलब्ध आहे. ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंची, म्हणजे श्रोणितळाच्या स्नायूंची, फिजिओथेरपी हा तो उपचार होय. तो आपल्या मूत्ररोगचिकित्सेत अद्याप हक्काची जागा का मिळवू शकला नाही, हा प्रश्न जितका वैद्यकाचा तितकाच अर्थशास्त्राचाही आहे. आणि म्हणूनच वैद्यकाची पदवी गाठीशी नसतानाही प्रस्तुत लेखकाने तो येथे मांडण्याचे धाडस केले आहे.

स्नायूंची झोळी

समोरच्या जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी पसरलेली असते. मूत्राशय, मलाशय आणि स्त्रियांच्या बाबतीत गर्भाशय यांचा भार ही झोळी पेलते. मूत्रमार्ग तिच्यामधूनच बाहेर पडतो. आपण खोकतो किंवा ओझे उचलतो तेव्हा पोटातील दाब एकाएकी वाढतो. त्याच क्षणी हे स्नायू आकसतात आणि मूत्रमार्ग मिटून धरतात. निरोगी माणसाला याचा पत्ताही लागत नाही. बाळंतपणात ही झोळी ताणली जाते, कधी फाटते. जुनाट खोकला, वर्षानुवर्षांचे बद्धकोष्ठ, सततची ओझी उचलणे आणि वाढते वय यांनी ती सैलावते. पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी काढून टाकताना मूत्रमार्गाच्या झडपेला इजा पोहोचू शकते, आणि मग या स्नायूंवरच सारी भिस्त राहते.

हे स्नायू हृदयाच्या किंवा आतड्याच्या स्नायूंसारखे परस्पर चालणारे नाहीत. दंडातील स्नायूंप्रमाणे ते आपल्या इच्छेने आकसता येतात, आणि म्हणून दंडाप्रमाणेच व्यायामाने ते बळकटही करता येतात. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली हा विचार पद्धतशीरपणे मांडला आणि त्यांचे नाव या व्यायामांना कायमचे चिकटले. आपल्यापैकी काहींना येथे हठयोगातील मूलबंधाची आठवण होईल, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु ‘हे सारे आमच्याकडे पूर्वीपासून होतेच’ असे म्हणून समाधान मानल्याने एकाही रुग्णाचे कपडे कोरडे राहणार नाहीत. कोणत्या रुग्णाला, कोणत्या मात्रेत, किती काळ हा व्यायाम दिला असता किती उपयोग होतो, हे मोजणे महत्त्वाचे. आणि ते मोजण्याचे काम गेल्या काही दशकांत झाले आहे.

वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात १४ देशांतील ३१ चाचण्या आणि १,८१७ स्त्रिया यांचा समावेश होता. खोकल्याच्या किंवा ओझ्याच्या दाबाने लघवी गळणाऱ्या स्त्रियांपैकी ज्यांना हे व्यायाम शिकविले गेले, त्यांच्यातील १०० पैकी ५६ जणींनी आपण बऱ्या झाल्याचे सांगितले. ज्यांना व्यायाम दिले नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण १०० पैकी अवघे ६ होते. औषधाच्या एखाद्या नव्या गोळीने असा फरक दाखविला असता, तर तिच्या जाहिरातींनी दवाखान्यांच्या भिंती भरून गेल्या असत्या.

कागदावरचा व्यायाम

येथे एक शंका कोणीही घेईल. व्यायामच करावयाचा, तर त्यासाठी तज्ज्ञ कशाला? एक छापील पत्रक द्यावे, रुग्णाने घरी आकसून-सोडून पाहावे, काम भागले. दुर्दैवाने आपल्याकडे जेथे हा उपचार दिला जातो, तेथेही तो बहुधा याच स्वरूपात दिला जातो. बाहेर पडता पडता दारातून ‘ते व्यायाम करीत जा’ असे सांगितले की कर्तव्य संपले.

अमेरिकेत १९९१ साली झालेल्या एका लहानशा अभ्यासाने या समजुतीतील फोलपणा दाखवून दिला आहे. ४७ स्त्रियांना थोडक्यात तोंडी सूचना देऊन व्यायाम करावयास सांगितले आणि तो कितपत साधला हे यंत्राने मोजले. जेमतेम निम्म्या स्त्रियांना तो नीट जमला; आणि एक चतुर्थांश स्त्रिया तर अशा रीतीने जोर लावीत होत्या, की त्यामुळे गळती वाढण्याचाच संभव अधिक. स्नायू वर ओढून घेण्याऐवजी त्या खाली रेटत होत्या. जो स्नायू डोळ्यांना दिसत नाही, आरशात पाहता येत नाही, त्याचा व्यायाम केवळ वाचून शिकणे म्हणजे पोहण्याचे पुस्तक वाचून विहिरीत उडी घेण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. प्रत्येक रुग्णाचे हे स्नायू सैलच असतात असे नाही. काहींचे ते सततच्या आकसाने ताठरलेले असतात. ओटीपोटातील जुनाट वेदना, मूत्राशयाची वेदनामय व्याधी, लघवी अडखळत होणे अशा तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा हाच ताठरपणा आढळतो. अशा रुग्णाला स्नायू बळकट करण्याचा व्यायाम देणे म्हणजे गाठ सोडवावयाची सोडून ती आणखी आवळणे होय. त्याला शिकवावे लागते ते स्नायू सैल सोडणे, आणि तज्ज्ञाच्या हातांनी त्या स्नायूंवर उपचार करावे लागतात. मूत्राशयाची वेदनामय व्याधी असलेल्या ८१ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अशा स्नायूंवर नेमका हस्तोपचार केलेल्यांपैकी ५९ टक्के स्त्रियांना लक्षणीय आराम पडला. सर्वसाधारण मालिश केलेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या मार्गदर्शिकेत अशा रुग्णांसाठी हस्तोपचाराची शिफारस केली असून बळकटीचे व्यायाम टाळावेत असे स्पष्ट म्हटले आहे.

म्हणजे एकाला जे औषध, तेच दुसऱ्याला अपथ्य. हा भेद कोण करणार? रुग्णाची संमती घेऊन आणि त्याचा संकोच सांभाळून तपासणी करणे, दोन-तीन दिवसांच्या लघवीची नोंदवही लिहून घेणे, आहार-पाणी-शौच यांच्या सवयी विचारणे, खोकला येण्याआधी स्नायू आकसण्याची लकब शिकविणे, घाई लागली असता ती काही मिनिटे थोपवून धरण्याचा सराव देणे आणि दर काही आठवड्यांनी प्रगती पाहून व्यायामाची मात्रा बदलणे, हे सारे प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टचे काम आहे. बाह्यरुग्ण विभागातील लांबलचक रांगेपुढे बसलेल्या मूत्ररोगतज्ज्ञाला इच्छा असूनही त्यासाठी वेळ काढता येणार नाही.

मर्यादाही मान्य करू या

एखाद्या उपायाचा पुरस्कार करताना त्याच्या उण्या बाजू झाकणे हा वकिली बाणा झाला. नेदरलँड्समध्ये ४६० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फिजिओथेरपी आणि मूत्रमार्गाला जाळीच्या पट्टीचा आधार देणारी शस्त्रक्रिया यांची समोरासमोर तुलना झाली. वर्षअखेर शस्त्रक्रियेच्या गटातील सुमारे ९१ टक्के स्त्रियांनी सुधारणा झाल्याचे सांगितले. फिजिओथेरपीच्या गटात हे प्रमाण ६४ टक्के होते, आणि त्या गटातील जवळजवळ निम्म्या स्त्रियांनी पुढे शस्त्रक्रियाच करून घेतली. प्रोस्टेटच्या रुग्णांबाबतही चित्र संमिश्र आहे. बेल्जियममधील १०२ पुरुषांच्या २००० सालच्या अभ्यासात ग्रंथी काढल्यानंतर तीन महिन्यांनी व्यायाम-गटातील ८८ टक्के पुरुष कोरडे राहू लागले होते, तर दुसऱ्या गटातील ५६ टक्के. उलट, २०११ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत वैयक्तिक शिकवणीने वर्षअखेर म्हणण्यासारखा फरक पडलेला दिसला नाही.

या आकड्यांचा अर्थ काय लावावा? तीव्र विकारात शस्त्रक्रिया प्रभावी आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु शस्त्रक्रियेची किंमत केवळ बिलात नसते. जाळीची ही शस्त्रक्रिया झालेल्या अनेक स्त्रियांना पुढे सोसाव्या लागलेल्या यातनांमुळे इंग्लंडमध्ये जुलै २०१८ मध्ये तिचा वापर थांबविण्यात आला, आणि २०२० साली एका स्वतंत्र समितीच्या अहवालाने त्या स्त्रियांची गाऱ्हाणी वर्षानुवर्षे ऐकून घेतली गेली नाहीत असा ठपका ठेवला. शरीरात बसविलेली जाळी काढणे अवघड. सोडून दिलेला व्यायाम कधीही पुन्हा सुरू करता येतो. म्हणून प्रश्न क्रमाचा आहे. जो उपाय मागे घेता येतो तो आधी करावा, जो घेता येत नाही तो नंतर, हा व्यवहारातील साधा शहाणपणा येथेही लागू पडतो. तीन महिने व्यायाम नीट करूनही गुण न आलेला रुग्ण शस्त्रक्रियेकडे जाईल, तेव्हा तो निदान आपली निवड समजून-उमजून करील.

बाजार येथे का चुकतो

असा उपाय असूनही तो पोहोचत का नाही? अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ साली लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले, की वैद्यकीय सेवा ही धान्य-कापडासारखी वस्तू नव्हे. येथे ग्राहकाला माल पारखता येत नाही आणि काय विकत घ्यावे हे विकणाराच ठरवितो. त्यामुळे विकणाऱ्याला मोबदला कशाचा मिळतो, यावर रुग्णाला उपचार कोणता मिळेल हे पुष्कळ अंशी अवलंबून राहते.

हा निकष आपल्या व्यवस्थेला लावून पाहावा. आयुष्मान भारत योजनेखाली २०१८ पासून पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. पण ते रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांना. महाराष्ट्रातील महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेचा गाभाही तोच. खाट अडवणाऱ्या उपचाराला पैसा आहे. चटईवर बसून शिकावयाच्या उपचाराला तो रुग्णाच्या खिशातून यावा लागतो. शस्त्रक्रियेचा दर ठरलेला असतो. अर्धा तास रुग्णाजवळ बसून त्याला श्वास आणि स्नायू यांचा मेळ घालावयास शिकविणे, याला दरपत्रकात ओळच नसते. औषधाच्या मागे कंपनी असते, यंत्राच्या मागे विक्रेता असतो. व्यायामाचे पेटंट कोणी घेऊ शकत नाही, म्हणून त्याच्या मागे कोणीच नसते. प्रौढांचे डायपर मात्र आता औषधांच्या दुकानात सहज मिळतात. गळती थांबविण्यापेक्षा ती टिपून घेण्याची सोय बाजाराने अधिक तत्परतेने केली, यात बाजाराचा दोष काढण्यात अर्थ नाही. त्याला मोबदला तेथेच मिळतो.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याचा बोभाटा झाल्यावर २०१९ साली राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली होती. तो प्रश्न वेगळा आणि कितीतरी भीषण. परंतु जेथे सल्ल्याला मोल नसते तेथे सुरी स्वस्त होते, हा त्यातील धडा मूत्ररोगांच्या दालनातही विसरून चालणार नाही.

खर्चाचा विचार करताना आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी, की या उपचाराला महागडी यंत्रे लागतातच असे नाही. स्नायूंची हालचाल पडद्यावर दाखविणाऱ्या यंत्राची जोड दिली असता अधिक गुण येतो काय, हे ब्रिटनमधील ६०० स्त्रियांच्या चाचणीत तपासले गेले. २०२० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की दोन वर्षांनंतर दोन्ही गटांत फरक आढळला नाही. दुसरी गोष्ट रुग्णाच्या वेळेची. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला रुग्णालयाची प्रत्येक खेप म्हणजे बुडालेली मजुरी आणि वरून प्रवासखर्च. कॅनडात साठी ओलांडलेल्या ३६२ स्त्रियांवर झालेल्या २०२० सालच्या अभ्यासात असे दिसले, की स्नायू नेमका कसा आकसावा हे प्रत्येकीला एकदा स्वतंत्रपणे शिकवून मग गटाने वर्ग घेतले, तरी वर्षअखेर गुण तितकाच येतो. एका तज्ज्ञाच्या एका तासात आठ जणींचे काम होणार असेल, तर आपल्यासारख्या मनुष्यबळाची चणचण असलेल्या देशाला याहून अधिक काय हवे?

करता येण्याजोगे काही

इतरांनी काय केले ते पाहू. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेसाठी २०१९ साली प्रसिद्ध झालेली मार्गदर्शिका सांगते, की दाबाने होणाऱ्या गळतीत किमान तीन महिने देखरेखीखालील व्यायाम हा पहिला उपचार असावा. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर या स्नायूंच्या पुनर्शिक्षणाच्या दहा बैठकींचा खर्च सामाजिक विमा उचलतो. ती मेहेरबानी समजली जात नाही. बाळंतिणीच्या शुश्रूषेचाच तो एक भाग मानला जातो. आपल्याकडे बाळंतिणीसाठी शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अंगाला तेल लावणारी बाई यांची काळजी घराघरांतून घेतली जाते. ज्या स्नायूंनी सर्वांत अधिक सोसले, त्यांची विचारपूस मात्र कोणी करीत नाही.

फिजिओथेरपीची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. मूळच्या अमेरिकन आणि विवाहाने महाराष्ट्राच्या झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात देशातील पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली आणि पाठोपाठ फिजिओथेरपीचे शिक्षणही तेथेच सुरू झाले. पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांना उभे करण्याची निकड त्या काळी समोर होती. लुळे पडलेले पाय दिसतात, म्हणून समाजाने धाव घेतली. आजचे दुखणे दिसत नाही, एवढाच फरक आहे. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि फिजिओथेरपी त्याच्या कक्षेत आली. व्यवसायाला दर्जा मिळाला. आता त्याला काम सोपविण्याचा प्रश्न उरतो.

त्या दृष्टीने चार गोष्टी अल्प खर्चात होऊ शकतील. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मूत्ररोग विभागात बाह्यरुग्ण कक्षालगतच या विषयात प्रशिक्षण घेतलेला निदान एक फिजिओथेरपिस्ट बसावा, आणि शक्य तेथे स्त्री-रुग्णांसाठी ती स्त्री असावी. रुग्णाला ‘तिकडे दुसऱ्या इमारतीत जा’ असे सांगितले, की त्यातील कितीतरी वाटेतूनच घरी परततात. दुसरे, शासकीय विमा योजनांत ठरावीक बैठकींचा एक संच म्हणून या उपचाराला दर लावावा, आणि तातडीची निकड नसेल तेथे गळतीवरील शस्त्रक्रियेपूर्वी तो संच पूर्ण झाल्याची किंवा रुग्णाने समजून-उमजून नाकारल्याची नोंद मागावी. तिसरे, प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरताच रुग्णाला पुढे काय होऊ शकते हे सांगून स्नायूंची ओळख आधीच करून द्यावी. अंतिम फलाविषयी मतभेद असले, तरी अज्ञानातून येणारी भीती नक्कीच टळेल. चौथे, लसीकरणासाठी बाळाला घेऊन आलेल्या आईला परिचारिकेने एक प्रश्न न चुकता विचारावा: लघवी गळते का, काही दुखते का?

या चौथ्या सूचनेला अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही, शासकीय ठराव लागत नाही. मुकी गरज बोलकी व्हावयाची, तर आधी कोणीतरी विचारले पाहिजे. आणि ते विचारण्याचे काम परिचारिकेवरच सोडून चालणार नाही. शाळेच्या शिक्षककक्षात, कचेरीच्या मधल्या सुटीत, घरी आईजवळ किंवा निवृत्त वडिलांजवळ बसून हा विषय आपणही काढू शकतो. वय झाले म्हणून चष्मा लावण्याची आपल्याला लाज वाटत नाही. स्नायू सैलावले म्हणून फिजिओथेरपिस्टकडे जाण्याची तरी का वाटावी?